कोठे लिहिले आहे?

२००४ सालच्या पावसाळ्यात आमचे सासरे वारले. यवतमाळच्या दफनभूमीत मूठमाती देऊन मंडळी परतू लागली होती. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली होती, गीतही म्हणून झाले होते. आम्ही कबरेपाशी थोडे रेंगाळलो, क्रुसाची खूण केली आणि मृतांसाठी चिरशांती मागणारी, लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना हलक्या आवाजात म्हटली. वळून पाहतो तो धाकटे मेहुणे मागेच उभे. रडून डोळे लाल झालेले, पण आवाज स्थिर. "भाऊजी," त्यांनी विचारले, "बाबांच्या तारणाविषयी तुम्हांला शंका आहे काय?"

वाचकहो, या एका प्रश्नात पाच शतकांचा वाद सामावलेला आहे. प्रॉटेस्टंट बांधवांची धारणा अशी की, जो ख्रिस्तावर विश्वास ठेवून मेला तो ख्रिस्तापाशी गेला. त्याच्यासाठी आणखी काही मागणे म्हणजे ख्रिस्ताने केलेले काम अपुरे राहिले असे म्हणणे. आम्हां कॅथॉलिकांना शिकवण मिळाली ती अशी की, मृत्यूने प्रेमाचा व्यवहार थांबत नाही आणि देवासमोर उभे राहण्यापूर्वी माणसाची जी शुद्धी व्हायची असते तीत आपल्या प्रार्थनेचा हातभार लागतो. आम्ही प्रार्थना केली ती मायेपोटी. परंतु तेवढे साधे उत्तर त्या क्षणी सुचले नाही. सुचले ते असे: "तुमच्या बायबलातून ती पुस्तके काढून टाकली आहेत, म्हणून तुम्हांला ठाऊक नाही."

वडिलांच्या ओल्या कबरेशी उभ्या असलेल्या मुलाला दिलेले हे उत्तर. मेहुणे काही बोलले नाहीत. पुढे कित्येक वर्षे त्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. आमचे ते उत्तर कितपत खरे होते, आणि खरे असले तरी ते तेथे देण्याचा आम्हांला काय अधिकार होता, हे आज तपासून पाहावेसे वाटते.

यवतमाळचे ख्रिस्ती जीवन वसईसारखे नाही. येथे कॅथॉलिकांची संख्या पहिल्यापासून थोडी. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, त्यात हा जिल्हा येतो. परंतु येथे 'ख्रिस्ती' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे फ्री मेथडिस्ट मिशन येते, उमरीचा दवाखाना येतो. १९३८ साली या मिशनने यवतमाळात मराठी बायबल शाळा काढली. १९५३ साली तिची युनियन बिब्लिकल सेमिनरी झाली आणि १९८३ साली ती पुण्यास हलेपर्यंत तीस वर्षे भारताच्या कानाकोपऱ्यांतले विद्यार्थी या कापसाच्या गावी ग्रीक आणि हिब्रू शिकत होते. आपल्या गावात हिब्रू शिकवली जाते, याचे आमच्या वडिलांना मोठे नवल वाटे. आमच्या घरी त्या काळी जपमाळ होती, प्रार्थनापुस्तक होते, पवित्र हृदयाची तसबीर होती; बायबल नव्हते. पहिले बायबल घरात आले ते दारोदार पुस्तके विकत फिरणाऱ्या एका प्रॉटेस्टंट गृहस्थाकडून. वडिलांनी ते भीत भीत फादरांना दाखवले. त्यांनी चाळून पाहिले, म्हणाले, "यात सात पुस्तके कमी आहेत. पण आहेत तेवढी तरी वाचा."

आमचा विवाह झाला तो फ्री मेथडिस्ट घराण्यातील मुलीशी. बिशपमहोदयांची परवानगी घ्यावी लागली. मुलांना कॅथॉलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढे करू, असे वचन आम्ही दिले आणि मुलीकडच्यांना त्याची कल्पना देण्यात आली. सासऱ्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि एवढेच विचारले, "हे वचन घ्यावे असे कोठे लिहिले आहे?"

तो त्यांचा ठेवणीतला प्रश्न होता. शिक्षकाची नोकरी करून निवृत्त झालेले, मंडळीत उपदेश करणारे, बोलण्यात कधी कडू शब्द नाही. रविवारी ते उपासनेहून आणि आम्ही मिस्साहून परतलो की त्यांच्या अंगणातल्या बाजेवर चहा आणि वाद एकदमच सुरू होत. मांडीवर बायबल सोसायटीचे जुने पवित्र शास्त्र, कानावर पेन्सिल. पटलेल्या ओळीखाली रेघ, आणि जेथे अडले तेथे समासात प्रश्नचिन्ह. "जावईबापू, मरियेला सदेह स्वर्गात नेले, कोठे लिहिले आहे?" "पोपसाहेब चुकू शकत नाहीत, कोठे लिहिले आहे?" आम्ही तरुण होतो. एकदा उसळून म्हटले, "मामाजी, जेवढे लिहिले आहे तेवढेच मानावे, हे तरी कोठे लिहिले आहे?"

त्यांनी पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय काढला: सर्व शास्त्र देवप्रेरित आहे. आम्ही म्हटले की ते उपयोगी आहे असे तेथे म्हटले आहे, तेवढेच पुरे असे म्हटलेले नाही; आणि थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात तोच पौल तोंडी शिकवलेल्या परंपराही धरून ठेवा असे बजावतो. त्यांनी मार्काचा सातवा अध्याय उघडला. तेथे प्रभू परूश्यांना सांगतो की माणसांच्या परंपरेपायी तुम्ही देवाची आज्ञा बाजूला सारता. अशी उत्तरा-प्रत्युत्तरे झडत. दोन्ही वचने पवित्र शास्त्रातलीच असल्यामुळे कोणीच हरत नसे.

एका रविवारी आम्ही आमच्या मते ब्रह्मास्त्र काढले. पुस्तकाची अनुक्रमणिका पुस्तकात लिहिलेली नाही! नव्या कराराची सत्तावीस पुस्तके कोणती, याची आपल्याला माहीत असलेली यादी इसवी सन ३६७ मध्ये बिशप अथनेशियसच्या पत्रात प्रथम सापडते. पुढे ३९३ साली हिप्पो आणि ३९७ साली कार्थेज येथील धर्मपरिषदांनी याद्या मान्य केल्या. म्हणजे ज्या पुस्तकाच्या आधारे तुम्ही ख्रिस्तसभेला जाब विचारता ते पुस्तक ख्रिस्तसभेनेच तुमच्या हाती दिले. सासरे त्या दिवशी गप्प राहिले. आम्ही विजयी मुद्रेने घरी आलो. पुढच्या रविवारी चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "सोनार सोने पारखतो, जावईबापू. तो सोने निर्माण करत नाही."

आम्ही म्हटले, "पण सोनार नसता तर तुम्ही पितळ घेऊन घरी आला असता." यावर ते मनापासून हसले.

आमच्या मते हा वाद आजही त्या अंगणातच उभा आहे, विद्वानांनी तो फारसा पुढे नेलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली देवशब्दाविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात धर्मशास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून उगम पावतात असे शिकवले आहे, आणि ख्रिस्तसभेचा अध्यापनाधिकार देवशब्दाच्या वर नसून त्याची सेवा करतो असेही स्पष्ट म्हटले आहे. सोन्याचे मोल सोनाराने ठरवलेले नाही, हे आपल्या बाजूनेही मान्य झाले. प्रश्न उरतो तो पारखीत चूक झाली असे कोणाला वाटले तर त्याने कोणाकडे जावे, हा. सासऱ्यांचे म्हणणे, पुन्हा सोन्याकडे. आमचे म्हणणे, सोने स्वतः बोलत नाही.

या तत्त्वचर्चेपेक्षा एका शब्दाने आम्हांला अधिक शिकवले. आमची मोठी मुलगी पाच-सहा वर्षांची असताना आजोबांकडे राहायला गेली होती. झोपण्यापूर्वी तिने 'नमो मरिया' म्हटले. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आमच्यापुढे धरला. आमच्या प्रार्थनेत मरिया 'कृपापूर्ण' आहे. त्यांच्या शास्त्रात देवदूत तिला 'कृपा पावलेली' म्हणतो. "यातला फरक लहान नाही," ते म्हणाले. "पावलेली म्हणजे जिला दिले गेले ती. पूर्ण म्हणजे जिच्यापाशी साठा आहे ती. मग लोक साठ्याकडे मागायला जातात, देणाऱ्याकडे जात नाहीत."

आम्ही गडबडलो. सेमिनरी तोवर पुण्याला गेलेली. नाहीतर तेथेच जाऊन विचारले असते. सासऱ्यांनी तेथे शिकलेल्या एका जुन्या स्नेह्याला पत्र घातले. पंधरा दिवसांनी भरगच्च अक्षरांतले अंतर्देशीय आले. मूळ ग्रीक शब्द 'केखारितोमेने'. कर्मणी धातुसाधित, कृपा करणारा दुसरा, ती कृपेचे पात्र. येथे 'पावलेली' बरोबर. परंतु त्या रूपाचा काळ असा की क्रिया पूर्ण होऊन तिचा परिणाम टिकून राहिला आहे. जिच्यावर कृपा झाली आणि जी त्या कृपेत आहे, ती. संत जेरोमच्या काळापासूनचा लॅटिन अनुवाद 'कृपेने भरलेली' असे म्हणतो तो या दुसऱ्या अंगाकडे पाहून. पत्रलेखकाने प्रामाणिकपणे पुढे असेही लिहिले होते की, 'कृपेने पूर्ण' असा सरळ शब्दप्रयोग ग्रीक नव्या करारात आहे, पण तो प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनाविषयी आणि योहानाच्या पहिल्या अध्यायात खुद्द प्रभूविषयी आहे.

म्हणजे मराठीत दोघांनीही अर्धा अर्धा शब्द घेतला होता. त्यांच्या अनुवादात देणारा दिसतो आणि टिकणे पुसट होते. आमच्या प्रार्थनेत टिकणे दिसते आणि देणारा पुसट होतो. भाषांतर करणाऱ्याला पूर्ण शब्द मराठीत आणताच येत नाही. त्याला निवड करावी लागते, आणि ती निवड तो आपल्या मंडळीच्या सवयीने करतो. "आम्ही फक्त शास्त्र मानतो" असे म्हणणाऱ्याच्या हातातले शास्त्रसुद्धा कोणाच्या तरी परंपरेतून आलेले असते, हे आम्ही सासऱ्यांना सांगितले. त्यांनी पेन्सिल काढली आणि आपल्या पुस्तकातल्या 'कृपा पावलेल्या' या शब्दांच्या समासात बारीक प्रश्नचिन्ह केले. आम्ही आमच्या प्रार्थनापुस्तकात मात्र काही खूण केली नाही. हे लिहिताना ते खटकते.

येशूच्या 'भावां'चा प्रश्न त्या मानाने आम्हांला सोपा वाटे, कारण मराठी माणूस चुलत, मामे, मावस, आते सगळ्यांनाच भाऊ म्हणतो. पण पुढे वाचनात आले की मार्टिन ल्यूथरने मरियेचे नित्य कौमार्य शेवटपर्यंत मानले होते. इतकेच काय, मेथडिस्टांचे आद्यपुरुष जॉन वेस्ली यांनीही १७४९ साली एका कॅथॉलिकास उद्देशून लिहिलेल्या पत्रात ते मान्य केले आहे. सासऱ्यांना हे दाखवायला आम्ही उत्साहाने गेलो. ते म्हणाले, "वेस्लीसाहेब चांगले गृहस्थ होते. पण कोठे लिहिले आहे?"

येथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत झाला. तेथील धर्मभगिनींचे त्यांच्यावर प्रेम होते. परंतु १८८५ च्या सुमारास त्यांच्यात झालेला पत्रव्यवहार वाचताना आमच्या अंगणातलाच वाद पुन्हा ऐकू येतो. त्रैक्याची शिकवण, मंडळीचे मतांगीकार, गुरुजनांचा अधिकार हे सर्व रमाबाईंनी नम्रपणे स्वीकारावे अशी अपेक्षा होती. रमाबाईंचे म्हणणे, आपण नुकत्याच एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटलो आहोत, दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. जे शास्त्रात आपल्या विवेकबुद्धीला दिसेल तेच स्वीकारू. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती, त्यालाही त्यांनी हरकत घेतली. संस्कृत का चालू नये?

आमच्यासारख्या कॅथॉलिकाला हा पत्रव्यवहार वाचताना दोन भावना होतात. एक अशी की, ज्या धर्मश्रद्धेसाठी पहिल्या शतकांतील पिढ्यांनी छळ सोसला आणि वाद घातले, ती एकट्या माणसाने दोन वर्षांच्या वाचनाने पुन्हा पहिल्यापासून जुळवावी, हे कसे शक्य आहे? दुसरी भावना पहिलीला गप्प करते. त्या काळी रमाबाईंपुढे 'परंपरा' म्हणून जे ठेवले गेले, त्यात श्रद्धा किती आणि इंग्रजांची वहिवाट किती, हे ठेवणाऱ्यांनाही वेगळे करून सांगता आले नसते. लॅटिन अक्षरे ही काही प्रेषितांची देणगी नव्हे. परंपरेच्या नावाने आपण जे जपतो त्यातले कितीतरी कोणाच्या तरी सोयीचे असते, आणि ते बाहेरून आलेल्याच्या डोळ्यांना आधी दिसते.

आणि रमाबाई तरी एकट्या कोठे राहिल्या? आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. खेड्यातल्या अशिक्षित बाईला कळावे इतके साधे शब्द निवडले, जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द कटाक्षाने टाळले. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या तेव्हा काम नुकतेच पुरे झाले होते. १९२४ साली ते छापून निघाले. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. ज्या स्त्रियांनी ते बायबल वाचले त्यांच्यासाठी कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता टाळायचा हे रमाबाईंनी आधीच ठरवलेले होते. ज्यांनी कोणाचा अधिकार मानला नाही त्यांच्या हातून दुसऱ्यांसाठी परंपरा तयार झाली. यात त्यांचा दोष नाही. वाचणे हे असेच असते.

आपल्याही घराकडे पाहायला हवे. मराठीत बायबलाची कथा प्रथम आणली ती कॅथॉलिकाने. फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. जुना करार आणि नवा करार, दोन्ही पुराणाच्या रूपात. विल्यम केरीच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे मराठी शुभवर्तमान निघाले त्याच्याही १८९ वर्षे आधी. मग काय झाले? १६८४ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. पुराणाच्या त्या काळच्या छापील आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जी परंपरा आम्ही अंगणात अभिमानाने पुढे करत होतो, तिच्या रखवालदारांनीच तिचे हे धन हरवू दिले, आणि मराठी शास्त्र घराघरांत नेण्याचे काम पुढे प्रॉटेस्टंटांनी केले. आमच्या वडिलांना दारात बायबल विकत मिळाले ते त्यांच्या कष्टांमुळे. ना. वा. टिळकांची भजने आज आपल्या मिस्सात म्हटली जातात. म्हणताना ते प्रॉटेस्टंट होते हे कोणाच्या मनातही येत नाही.

उलट बाजूचाही हिशेब मांडू. सासऱ्यांच्या मंडळीच्या नावातला 'फ्री' हा शब्द आला आहे अमेरिकेतून. १८६० साली न्यूयॉर्क राज्यात ही मंडळी निघाली, ती देवळातील बाके श्रीमंतांना भाड्याने देण्याच्या प्रथेविरुद्ध आणि गुलामगिरीविरुद्ध. बाके मोफत, माणसेही मोकळी. याचा सासऱ्यांना फार अभिमान. पण त्याच गुलामगिरीपायी १८४४ साली अमेरिकेतील मेथडिस्ट आणि १८४५ साली बाप्टिस्ट दुभंगले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातांत एकच बायबल होते आणि दोन्हीकडचे उपदेशक वचने दाखवत होते. 'केवळ शास्त्र' या तत्त्वाने तो तंटा मिटला नाही. आम्ही हे बोलून दाखवल्यावर सासरे शांतपणे म्हणाले, "आणि तुमच्या परंपरेने गोव्यात काय केले?" खरेच होते. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करू नये असे बजावले होते. तरी गोव्यातील कॅथॉलिक घरांतून विकत घेतलेली माणसे पुढेही राबतच होती. पुस्तक होते, परंपरा होती, अध्यापनाधिकारही होता. चुकीचा अर्थ तरीही चालत राहिला, कारण ज्याच्या पाठीवर तो अर्थ पडत होता त्याला अर्थ लावणाऱ्यांच्या बैठकीत जागा नव्हती.

या विचाराने आम्ही पुन्हा त्या कबरेपाशी येतो. आमच्या उत्तराने ज्याला जखम झाली तो समोर उभा होता, आणि आम्ही त्याच्याकडे न पाहता पुस्तकांची यादी पाहत होतो.

यादी तरी नीट पाहिली होती का? मृतांसाठी प्रार्थना करणे हे पवित्र आणि हिताचे आहे, असा आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मिळतो. ते पुस्तक कॅथॉलिक बायबलाच्या त्र्याहत्तर पुस्तकांत आहे, प्रॉटेस्टंटांच्या सहासष्टांत नाही. "काढून टाकले" एवढ्या दोन शब्दांत आम्ही तो इतिहास संपवला होता. वास्तविक ही पुस्तके आपल्याला ग्रीक जुन्या करारातून मिळाली. यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात ती नाहीत. खुद्द जेरोमला त्यांच्याविषयी शंका होती, ऑगस्टीनला नव्हती. ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ती छापली, पण वेगळी काढून: शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, वाचायला मात्र चांगली, असे म्हणून. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली ती शास्त्रच आहेत यावर शिक्कामोर्तब केले. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ती होती. १८२६ साली लंडनच्या बायबल सोसायटीने ती असलेल्या प्रतींवर पैसा खर्च करायचा नाही असे ठरवले. मिशनऱ्यांची मराठी बायबले मग तशीच निघाली. आमच्या मेहुण्यांनी काही काढले नव्हते. त्यांच्या हाती पोहोचलेच नव्हते.

आणि ल्यूथरला या प्रार्थनांचा राग का आला होता? १५१७ साली मृतांच्या सुटकेसाठी म्हणून दंडमाफीची पत्रे जर्मनीत पैसे घेऊन दिली जात होती. गरीब माणसाच्या आईवरील मायेचे नाणे केले जात होते. आमच्या कॅथॉलिक घराला हे सांगायला संकोच वाटू नये. त्या परिषदेने पुढे असल्या वसुलीला मनाई केलीच. मेहुण्यांच्या प्रश्नामागे ती जुनी जखम होती, त्यांना स्वतःला ती कोठली हे माहीत नसेल तरी. गंमत अशी की, श्रद्धेत मरण पावलेल्यांसाठी प्रार्थना करण्यास वेस्लींची हरकत नव्हती, उलट तिचे त्यांनी समर्थन केले होते. हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्या दिवशी आम्ही तोही दगड उचलून फेकला असता, अशी आमची खात्री आहे.

खरे बोलणे पुरेसे नसते, अशी यावर सोपी समजूत करून घेता येईल. आम्हांला ती पटत नाही. पुढची वर्षे आम्ही दोघे अगदी गोडीने वागलो: कापसाचा भाव, मुलांची लग्ने, पत्नीचे गुडघ्याचे दुखणे. धर्माचा विषय निघाला की कोणीतरी चहा विचारे. लोक याला सलोखा म्हणत. आम्हां दोघांनाही ठाऊक होते की तो सलोखा नव्हता, आम्ही एकमेकांना सोडून दिले होते. सासरे आम्हांला "कोठे लिहिले आहे" म्हणून छळत होते तेव्हा ते आमच्या श्रद्धेला उत्तर देण्याजोगी समजत होते. तेवढा मान आम्ही त्यांच्या मुलाला दिला नाही.

व्यासपीठांवरचा संवाद दरम्यान पुढे गेला होता. माणूस देवाच्या कृपेने, श्रद्धेने नीतिमान ठरतो या शिकवणीविषयी कॅथॉलिक आणि ल्यूथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणा केली. २००६ साली जागतिक मेथडिस्ट परिषदेने तिला संमती दिली. बायबलाच्या भाषांतरात एकत्र काम कसे करावे याचे नियम व्हॅटिकन आणि बायबल सोसायट्यांनी १९६८ सालीच ठरवले होते. आम्हांला या शेवटच्या गोष्टीचे अधिक महत्त्व वाटते. घोषणेत दोन्ही बाजूंना आपापला अर्थ राखता येतो. भाषांतरकारांच्या टेबलावर ते चालत नाही. पानावर एकच शब्द छापायचा असतो: 'पूर्ण' की 'पावलेली'? तेथे चहा विचारून सुटका नाही.

गेल्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, आम्ही नेहमीप्रमाणे दफनभूमीत गेलो. आईवडिलांच्या कबरेवर मेणबत्ती लावली आणि पत्नीबरोबर सासऱ्यांच्या कबरेपाशी आलो. मेहुणे तेथे गवत उपटत बसले होते. आता त्यांचेही केस पांढरे झाले आहेत. आम्ही म्हटले, "त्या दिवशी तुम्ही विचारले होते, त्याचे उत्तर आम्ही दिलेच नाही. शंका नव्हती. त्यांना सोडवत नव्हते." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हात झटकून उठले आणि म्हणाले, "तो मक्काबींचा उतारा आणला आहे का?"

आमच्या पिशवीत कॅथॉलिक बायबल होते. पान काढून दिले. त्यांनी उभ्या उभ्या तो अध्याय वाचला, एकदा मागे जाऊन पुन्हा वाचला. "येथे मेलेल्यांच्या अंगावर मूर्तींचे ताईत सापडले होते, असे आहे," ते म्हणाले. "बाबांची गोष्ट वेगळी आहे." आम्ही म्हटले, "वेगळी आहेच." त्यांनी पत्नीकडे पेन्सिल मागितली. तिने पर्समधून काढून दिली. आमच्या पुस्तकाच्या समासात त्यांनी एक बारीक प्रश्नचिन्ह काढले आणि पुस्तक परत केले. आम्ही कबरेकडे वळून प्रार्थना सुरू केली. ते टोपी हातात धरून, ओठ मिटून, ती संपेपर्यंत शेजारी उभे होते.